हिंदुराव मेस्त्रींच्या आठ स्प्रिंगा

हिंदुराव मेस्त्रींच्या दुकानात स्प्रिंग मागायला आलेला माणूस पहिल्याच फटक्यात स्प्रिंग घेऊन बाहेर पडलाय, असं मी कधी बघितलं नाही. आमचं गुळाचं अडत दुकान शाहूपुरीत आणि त्याच्या पाठीला पाठ लावून हिंदुरावांचं वर्कशॉप. मधली भिंत एकच. त्यांच्याकडचं बोलणं ऐकायला मला कान टवकारावे लागत नव्हते. उलट आमच्याकडं सौदा चालू असताना या गृहस्थाला गप्प कसं करायचं, हाच घोर असायचा. गिऱ्हाईक दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, व्हॉल्व्हची स्प्रिंग पाहिजे, जरा कडक द्या. की झालं. हिंदुराव चष्मा कपाळावर सारायचे आणि विचारायचे, "कॅम कुठला हाय?"

गिऱ्हाइकाला कॅम ठाऊक नसायचा. मग त्याला स्टुलावर बसवून तासभर शिकवणी व्हायची. कॅम म्हणजे इंजिनातला तो दांडा, ज्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला ढकलून उघडतो, आणि उंचवटा पुढं सरकला की स्प्रिंग त्याच व्हॉल्व्हला परत मिटवते. एवढं मला, गुळात उभा जन्म घातलेल्या माणसाला, भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ झालेलं आहे. कॅमनं व्हॉल्व्ह किती उचलला, किती वेगानं उचलला, हे कळल्याशिवाय स्प्रिंग निवडायची म्हणजे पोरगी न बघता लग्नाची तारीख धरायची, असं ते म्हणायचे. शिकवणी संपल्यावर बहुतेक वेळा ते स्प्रिंग द्यायचे नाहीतच. इंजिन घेऊन या म्हणायचे.

माणूस उंच, शेलाटा, आवाज मात्र घाटावरून पलीकडच्या डोंगराला हाक मारल्यासारखा. अंगात कायम पांढरा सदरा, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. मनगटाच्या खाली हात काळेकुट्ट आणि मनगटाच्या वर सदरा धुतल्या तांदळासारखा. हे त्यांना कसं जमायचं ते त्यांनाच माहीत. चहा बिनसाखरेचा प्यायचे आणि त्याच्याबरोबर आमच्या दुकानातला गुळाचा खडा तोंडात टाकायचे. टाकून वर गुळाची परीक्षा करायचे. शेठ, ह्यो कागलचा हाय, ह्यात पाणी जास्त हाय, असं छातीठोक सांगायचे, आणि ते हटकून चुकायचं. मी कधी दुरुस्त केलं नाही. इंजिनातलं त्यांना एवढं कळत होतं, तर गुळातलं थोडं कळत नाही म्हणून काय बिघडलं होतं?

कोल्हापूरचा अभिमान त्यांना जरा जास्तच होता. पाणी कोल्हापूरचं, दूध कोल्हापूरचं, मिरची कोल्हापूरची. बाहेरगावचा पाहुणा भेटला की त्यांचं ठरलेलं आव्हान असायचं, "पावणं, कोल्हापुरात काय हुत न्हाय तेवडं सांगा." एकदा मी मधेच बोललो, समुद्र. दोन दिवस त्या माणसानं माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चहाला आले आणि बसता बसता म्हणाले, रंकाळा हाय की. विषय त्यांच्या बाजूनं मिटला.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात ते पंगतीला बसलेले, डोक्याला फेटा, समोर जिलबी. मांडवामागं लाउडस्पीकरसाठी जनरेटर आणला होता, त्याचं इंजिन मधेच उचकी लागल्यासारखं करत होतं. आमच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. हिंदुरावांनी दोन घास खाल्ले, मान तिरकी केली, आणि पानावरून उठले. पंगतीतून मधेच उठणं म्हणजे आमच्याकडं केवढा अपमान, माझ्या चुलत्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जाऊन बघतो तर फेट्यासकट हे जनरेटरवर वाकलेले. इंजिन ताळ्यावर आल्यावर परत पानावर येऊन बसले आणि माझ्या चुलत्यांना म्हणाले, आता गोड लागंल. चुलत्यांनी त्यांना आग्रह करकरून दुप्पट वाढलं, हीच त्यांची शिक्षा.

हे सगळं सांगायचं कारण, माणूस बडबड्या आणि तापट होता, पण पोकळ नव्हता. उचगावचा एक बागायतदार विहिरीवरच्या इंजिनासाठी स्प्रिंगा मागायला आला. त्याला सगळ्यांत कडक हव्या होत्या. आमच्या माणसांना कडक म्हणजे चांगलं असंच वाटतं, चहापासून जावयापर्यंत. हिंदुराव नाही म्हणाले. त्यांनी त्याला परोपरीनं सांगितलं की स्प्रिंग गरजेपेक्षा कडक झाली तर ती व्हॉल्व्ह मिटवण्याचं काम करून थांबत नाही, कॅमच्या उंचवट्याला रोज घासून खाते. बागायतदार तरातरा निघून गेला, दुसरीकडनं स्प्रिंगा बसवून घेतल्या. पुढच्या उसाच्या हंगामात तोच कॅम घेऊन परत आला. उंचवट्याची पार सपाटी झाली होती. दुसरा कुणी समजूतदार माणूस असता तर गप्प बसला असता. हिंदुरावांनी तो कॅम हातात उंच धरून अख्ख्या गल्लीला दाखवला. मग मात्र त्याला नवीन कॅम करून दिला, आणि स्प्रिंगा स्वतः उचगावला जाऊन बसवल्या.

कॅम करणं हा त्यांचा खरा ध्यास. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीतून ते ओतीव दांडा आणायचे आणि स्वतःच्या ग्राइंडिंग मशीनवर त्याला आकार द्यायचे. ते मशीनही त्यांनी मोडीतून उचलून, वर्षभर खपून उभं केलेलं. शेतीच्या इंजिनांचे कॅम करता करता त्यांच्या डोक्यात शर्यतीच्या गाडीचा कॅम शिरला. त्याला कारण झाले विश्वास सर. हे पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे, अंगानं किरकोळ, स्वभावानं गरीब, पण स्टिअरिंगवर बसले की अंगात यायचं त्यांच्या. त्यांच्याकडं चार सिलिंडरची जुनी छोटी गाडी होती. पन्हाळ्याच्या घाटात तेव्हा काही हौशी मंडळी गाड्या चढवायची शर्यत लावायची. पुण्या-मुंबईचे लोक गाड्या घेऊन यायचे. सरांना त्यात उतरायचं होतं. परदेशी कॅम मिळणं त्या दिवसांत सोपं नव्हतं आणि हिंदुरावांना ते नकोच होतं. व्हॉल्व्ह जास्त उचलणारा, जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम मीच करतो म्हणाले. सरांनी कागदावर आकृती काढायची, मेस्त्रींनी ती लोखंडात उतरवायची. दोघं दिवस दिवस एका बाकावर बसायचे आणि मोठमोठ्यानं भांडायचे. भांडण म्हणजे भांडायचे मेस्त्री. सर नुसते मान हलवून आपलं म्हणणं कायम ठेवायचे.

कॅम झाला. मी तो बघितला तेव्हा मला तो दागिन्यासारखा वाटला, खोटं कशाला सांगू. हिंदुराव त्याच्यावर इतके खूश होते की स्प्रिंगांचा त्यांना विसर पडला. जन्मभर लोकांना आधी कॅम विचारणाऱ्या माणसानं स्वतःच्या कॅमला मात्र गाडीतल्या जुन्याच स्प्रिंगा ठेवल्या. शर्यतीत गाडी घाटातल्या वाघबिळाच्या वळणापर्यंत अशी गेली की बघणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. तिथून पुढं सरांनी जोर लावला आणि इंजिन खडखडायला लागलं. कॅम व्हॉल्व्हला उडवत होता आणि स्प्रिंगेला त्याला वेळेत परत आणता येत नव्हतं. एका व्हॉल्व्हचा दांडा वाकला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

पुण्याचे एक गॅरेजवाले तिथं होते. शर्यतीच्या गाड्यांत त्यांचं मोठं नाव. माणूस सभ्य होता, खिजवायचा त्यांचा हेतू नव्हता. पण घाटातल्या चहाच्या टपरीवर चार माणसांत ते सहज बोलून गेले की कॅम ही घरी करण्याची वस्तू नव्हे, त्यात वेळ घालवू नये. हिंदुराव शेजारीच उभे होते. मला वाटलं आता काही खरं नाही. पण ते खालच्या आवाजात बोलले, आणि म्हणूनच मी चपापलो.

"कॅम बरोबर हाय," ते म्हणाले. "स्प्रिंग चुकली, ती माझी चूक. पुढच्या वक्ताला गाडी वर गेली न्हाय, तर मी मशीन इकीन आणि परत कॅमला हात लावणार न्हाय."

एवढ्या लोकांत बोललेला शब्द. कोल्हापुरात असा शब्द माघारी घेता येत नाही. परत येताना मी म्हणालो, मेस्त्री, कशाला बोलायचं एवढं. त्या मशीनशिवाय हा माणूस काय करेल, हे माझ्या डोळ्यांसमोर येईना. नुसती सिलिंडर बोअरिंगची कामं करत, गप्प बसलेले हिंदुराव. भिंतीपलीकडून आवाज येत नाही. मला तो विचारच सोसेना.

त्यानंतर जो तो त्यांना सल्ला द्यायला लागला. तालमीतली पोरं ट्रकच्या स्प्रिंगा घेऊन आली, ह्या बसवा, ह्यांच्या बापाला तुटायच्या न्हाईत म्हणाली. हिंदुरावांनी त्यांना उचगावचा किस्सा पहिल्यापासून ऐकवला. मऊ स्प्रिंगेनं व्हॉल्व्ह हातचा जातो आणि कडक स्प्रिंगेनं कॅम खाल्ला जातो. ह्या दोन्हींच्या मधली एक जागा आहे, ती शोधायची, असा त्यांचा हिशेब. सरांनी ती जागा आकड्यांत मांडून दिली. व्हॉल्व्ह पुरा उघडलेला असताना स्प्रिंगेनं बासष्ट किलोचा जोर दिला पाहिजे, आणि तेव्हाही तिचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. उद्यमनगरातल्या स्प्रिंगवाल्याकडून हिंदुरावांनी थोड्या जाड तारेच्या स्प्रिंगा वळून घेतल्या. हाताच्या कामाला दोन स्प्रिंगा काही जुळ्या निघत नाहीत, म्हणून टोपलीभर वळून घेतल्या. त्या टोपलीतून एकसारख्या आठ निवडायच्या. आठ व्हॉल्व्ह, आठ स्प्रिंगा, आणि आठींचा जोर एक.

जोर मोजायचं यंत्र कुणाकडं नव्हतं. एक दिवस हिंदुराव आमच्या दुकानात गूळ खात उभे होते, समोर मोठा काटा, म्हणजे जमिनीवरचा फळीचा वजनकाटा. बघता बघता त्यांनी खडा तोंडातून काढला आणि म्हणाले, शेठ, काटा द्या.

माझ्या परवानगीची त्यांनी वाट बघितली असं मला आठवत नाही. काट्याच्या वर छताची सागवानी तुळई होती, तिच्यात त्यांनी एक लांब, जाड स्क्रू बसवला. खाली काट्याच्या फळीवर स्प्रिंग उभी करायची आणि वरून स्क्रू फिरवून ती दाबायची. स्प्रिंगेच्या पोटात लोखंडाचा एक तुकडा ठेवलेला, व्हॉल्व्ह उघडल्यावर स्प्रिंग जेवढी आखूड होते तेवढ्याच उंचीचा. तुकड्यावर विडीच्या बंडलाच्या कागदाची चिंधी. दाबता दाबता चिंधी अडकायला लागली की थांबायचं आणि काटा काय दाखवतो ते वाचायचं. इतकं साधं काम, पण बघायला निम्मी पेठ जमली.

काटा वाचायचा मान मापाड्याचा. आमचे मापाडी महादूमामा, साठी उलटलेले, डोक्याला पांढरी टोपी, कमी बोलणारे. गुळाच्या पेठेत मापाडी जो आकडा बोलेल तो आकडा. शेतकरीही तो मानतो आणि व्यापारीही. मापाडी वाचत असताना त्याच्या खांद्यावरून काट्याची दांडी बघणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. आम्ही मालक असून कधी तसं केलं नाही. पहिल्या मापाला मापाडी एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मामांनी पहिल्या स्प्रिंगेलाही तेवढ्याच गांभीर्यानं म्हटलं, लाभ, साठ. हिंदुराव स्क्रू फिरवत होते, सर चिंधी ओढून बघत होते, मामा आकडा बोलत होते, आणि स्प्रिंगा आपापल्या राशीला जात होत्या. पंचावन्नची रास, साठची रास, पासष्टची रास. साठची रास मोठी निघाली. बासष्टला दोन किलो कमी, चालतंय म्हणाले सर, पण आठही एक पाहिजेत. हिंदुरावांनी त्या राशीतून आठ उचलल्या आणि गाडीत बसवल्या.

चाचणीला गाडी छान पळाली. पण वेग वाढला की आवाजात कुठंतरी एक बारीक अडखळ यायची. दुसऱ्या कुणाला ती ऐकूही आली नसती. हिंदुरावांना आली. त्यांनी स्प्रिंगा काढल्या आणि दोन स्प्रिंगा एकापुढं एक अशा एकाच लांब बोल्टावर ओवून नट आवळला. सारख्या असत्या तर दोन्ही सारख्या दबल्या असत्या. एक जास्त दबली, एक कमी. दोन्ही साठच्या राशीतल्या.

तावातावानं ते आमच्या दुकानात आले. मला वाटलं, आता मामांचं काही खरं नाही. सौदा झालेला माल काट्यावर चढत होता, गुळाचे रवे, म्हणजे मोठ्या ढेपा, फडक्यात बांधलेले. हिंदुराव मामांच्या मागं उभे राहिले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर दांडीवर गेली. दांडी साठाच्या पुढं होती, चांगली तीन किलो पुढं. मामा बोलले, साठ. पुढचा माल चढला, दांडी एकसष्टावर. मामा बोलले, साठ.

हिंदुराव मिटल्या तोंडानं माझ्याकडं आले. हे काय, असं त्यांनी नुसतं हातानं विचारलं. मी सांगितलं की पाचाच्या पटीच्या वरचे सुटे किलो फडक्याचे आणि ओलीचे. ते मापाडी बोलतच नाहीत. आमच्या पेठेत आजोबा-पणजोबांपासून ती चाल आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. मामांच्या जिभेला ते इतकं बसलंय की त्यांना ते कळतही नसेल.

"फडकं," हिंदुराव म्हणाले. "माझ्या स्प्रिंगेला कुठलं आलंय फडकं?"

आणि मग ते हसायला लागले. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, सगळ्या स्प्रिंगा एका राशीत जाऊन बसल्या होत्या, फडक्याचं वजन सोडून. मामा मात्र आकडे बोलतच होते, त्यांच्या गावीही नव्हतं.

सर म्हणाले, सोपं आहे, या वेळी आपणच काटा वाचू. मलाही तेच बरं वाटलं. हिंदुरावांनी ऐकलं नाही. मामांच्या काट्यावर दुसरा कुणी वाचायला बसला तर उद्या पेठेत काय बोललं जाईल, याचा विचार आम्हां दोघांना सुचला नव्हता. एवढा फटकळ माणूस, पण त्याला तो सुचला. दुपारी पेठ रिकामी झाल्यावर ते मामांच्या शेजारी पोत्यावर बसले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होतो.

"मामा," ते म्हणाले, "ह्यो माल कुणाचा न्हाय. ह्यात कुणाला द्यायचं न्हाय आणि कुणाकडनं घ्यायचं न्हाय. दांडी जे म्हणंल ते तुमी म्हणायचं. तुमच्या त्वांडातनं आलं की माझा इस्वास हाय."

मामांना सगळं कळलं होतं. मग उठले, हात धुऊन आले, काट्याची फळी पुसली, दांडी मोकळी सोडून शून्यावर येते का ते दोनदा बघितलं. पहिली स्प्रिंग दाबली गेली. मामांचे ओठ हलले, पण आवाज निघेना. जन्मभर जी जीभ साठावर थांबली ती पुढं जाईना. हिंदुराव स्क्रू तसाच धरून उभे होते.

"लाभ," मामा म्हणाले. "बासष्ट. आणि वर पाव."

पुढं सगळ्या टोपलीचं वजन मामांनी पावापर्यंत सांगितलं. बासष्टच्या राशीत नऊ स्प्रिंगा पडल्या. हिंदुरावांनी आठ घेतल्या आणि नववी मामांच्या हातात ठेवली. मामांनी ती अंगातल्या कोपरीच्या खिशात टाकली.

शर्यतीला आम्ही गुळाचा ट्रक घेऊन गेलो, मामा पुढं ड्रायव्हरशेजारी, धुतलेली टोपी घालून. रविवार सकाळ, घाटात गर्दी मरणाची. हिंदुराव शेवटच्या वळणाच्या खाली एकटेच जाऊन उभे राहिले. रस्त्याकडं पाठ. मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि म्हणालो, अहो, इकडं बघा की. ते म्हणाले, बघायचं काय त्यात, ऐकायचं असतंय.

पुण्याची गाडी आली आणि गेली. आणखी दोन-चार गेल्या. मग खालून सरांच्या गाडीचा आवाज यायला लागला. आवाज वाघबिळाला पोचला. तिथं मागच्या वेळेला खडखडाट सुरू झाला होता. या वेळेला आवाज नुसता चढत गेला. चढतच गेला, कुठं तुटला नाही, कुठं अडखळला नाही. हिंदुरावांचे डोळे मिटलेले आणि उजवा हात मांडीवर हळूहळू आवळत चाललेला. गाडी आमच्या पाठीमागून वळली तेव्हा वाऱ्यानं त्यांचा सदरा फडफडला. त्यांनी डोळे उघडले आणि चढ चढायला लागले. मी मागं पळतोय, माझ्यानं पळवेना.

वर सगळे सरांना खांद्यावर घेत होते. छोट्या गाड्यांत आमची गाडी पहिली आली होती. हिंदुरावांनी कुणाकडं बघितलं नाही. गाडीचं झाकण उघडलं, गरम इंजिन तिथंच खोललं, कॅम उघडा पडेपर्यंत थांबले नाहीत. चटके बसत होते, तरी त्यांनी प्रत्येक उंचवट्यावरून नख फिरवलं. कुठंही ओरखडा नव्हता. मग मात्र त्यांनी जी आरोळी ठोकली ती पायथ्यापर्यंत गेली असेल. महादूमामांना दोन्ही हातांनी उचललं त्यांनी, टोपी पडली तरी सोडलं नाही. मी त्या दिवशी जेवढा फुगलो होतो तेवढा माझ्या स्वतःच्या कुठल्या कामानं कधी फुगलो नाही. माझा त्यात काटा सोडला तर काही हात नव्हता, पण मी गावभर सांगत सुटलो.

पुण्याचे गॅरेजवाले स्वतः पुढं आले. हात मिळवला, कॅम हातात घेऊन बघितला, आणि माझं बोलणं चुकलं असं सगळ्यांसमोर म्हणाले. असं म्हणायलाही मोठं मन लागतं. पुढच्या आठवड्यात ते शाहूपुरीत आले. गुळाच्या काट्यावर स्प्रिंग कशी निवडतात ते त्यांना बघायचं होतं. मामांनी त्यांनाही लाभ म्हणून दाखवलं. मग त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांसाठी कॅम आणि स्प्रिंगांचे संच मागितले, बऱ्याच संख्येनं. एकच म्हणणं होतं त्यांचं. हिंदुराव प्रत्येक कॅमच्या टोकावर अक्षरांचे ठसे हातोडीनं मारून 'कोल्हापूर' असं उठवायचे. ते तेवढं नको होतं. शर्यतवाली गिऱ्हाइकं बाहेरच्या मालाला भाळतात, नाव नसलं की विकायला सोपं जातं, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. फसवायचं म्हणून नव्हे, धंदा म्हणून.

एवढं मोठं काम समोर चालून आलेलं. वर्कशॉपचं छप्पर गळत होतं, मला ठाऊक होतं. हिंदुरावांनी चष्मा कपाळावर सारला.

"नाव न्हाय तर कॅम न्हाय," ते म्हणाले. "चा घ्या."

पाहुणे चहा पिऊन गेले. मी हिंदुरावांना वेड्यात काढलं, तोंडावर काढलं. ते म्हणाले, "शेठ, कॅम मोडला तर शिव्या कोल्हापूरला बसतील की न्हाय? मग चालला तर नाव कुणाचं?" त्यानंतर दोन-तीन महिने पुण्याकडून काही हालचाल नव्हती. शेतीच्या इंजिनांची कामं चालू होती, गिऱ्हाइकांच्या शिकवण्या चालू होत्या. आणि एक दिवस तेच गृहस्थ परत आले. नाव असू द्या म्हणाले.

हिंदुराव जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढंही आमचा रोजचा शेजार होता, आजारपणात मी त्यांना भेटलोही होतो. पण त्यांची आठवण काढली की मला दिसतं ते कोल्हापूरचं स्टेशन आणि पुण्याची सकाळची गाडी. पहिला संच घेऊन ते स्वतः निघाले होते. पार्सलवर त्यांचा विश्वास नव्हता. पांढरा सदरा, बाह्यांची बटणं लावलेली, मांडीवर लाकडी पेटी. मी खिडकीशी उभा होतो. सांभाळून जा, पोचल्यावर तार करा, असलं काहीतरी मी बोलत होतो. त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. समोरच्या बाकावर कुणी परगावचे कुटुंबवत्सल गृहस्थ बसले होते, डबा उघडायच्या बेतात. हिंदुरावांनी पेटीचं झाकण काढलं, तेलकट कागद बाजूला केला आणि कॅमचं टोक त्यांच्या पुढं धरलं. टोक लहान, त्यावर सगळी अक्षरं मावली नव्हती. शेवटचा र कडेवरून खाली घसरला होता. गाडीनं शिट्टी दिली. मी हात हलवला. हिंदुराव त्या माणसाला सांगत होते, "वाचा की पावणं. मोठ्यानं वाचा."